फाटकापर्यंत की कोपऱ्यापर्यंत

एका शब्दावर मी दीड महिना पगार घेतलेला आहे. शब्द होता 'जाणे'. नातेवाइकांना मी हे सांगत नाही, कारण त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यात एवढं करायचं काय होतं? तुम्हाला सांगते. तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही पान उलटाल. नातेवाईक उठून जात नाहीत.

पुण्याची एक कंपनी गोदामात माल हलवणारे, चालकाविना चालणारे गाडे बनवते. गोदामातल्या माणसाने आपल्या बोलीत सांगायचं आणि गाड्याने ते ऐकायचं, अशी कल्पना. अडचण अशी की माणसाला जे सांगायचं असतं त्यातलं निम्मं तो बोलतच नाही. 'ते तिकडं नेऊन टाक' म्हटलं की दुसरा माणूस नेऊन टाकतो. गाड्याला मात्र काय, कुठून, कुठे, कोणत्या वाटेने हे सगळं लागतं, आणि टाकायचं म्हणजे आपटायचं का, हेही. म्हणून तर्कशास्त्र शिकलेल्या काही मंडळींनी मधल्या कामासाठी एक नवी भाषा रचली. तिच्यात एका वाक्याचा एकच अर्थ निघतो, दुसरा निघूच शकत नाही. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. आम्ही तिला 'नेमकी' म्हणायचो. खाष्ट वरिष्ठ बाईंबद्दल बोलावं तसं आम्ही तिच्याबद्दल बोलायचो: नेमकीला हे चालत नाही, नेमकीने ते परत पाठवलं.

नेमकीतलं प्रत्येक क्रियापद म्हणजे मिसळणाचा डबा. त्याला ठरलेले खण. 'जाणे' घेतलं तर जाणारा कोण, कुठून, कुठे, कोणत्या वाटेने, कशावर बसून. खण रिकामा ठेवायचा असेल तर रिकामा आहे असं सांगावं लागतं. 'निघणे'ला पोचण्याचा खण नाही. 'पोचणे'ला निघण्याचा नाही. 'येणे' तर नेमकीत नाहीच, कारण येणं हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं आणि नेमकीला बोलणाऱ्याशी देणंघेणं नाही. आमच्या मराठीत हलण्याची जेवढी क्रियापदं आहेत, त्यांचा एकेक डबा भरून पुण्याला द्यायचा, हे वर्ध्याच्या कचेरीचं काम. निघणे, सरकणे, वळणे, शिरणे, घुसणे, फिरणे, हिंडणे, भटकणे. यादी मी भिंतीवर लावली होती. झालेल्या शब्दापुढे हिरवी खूण, परत आलेल्यापुढे लाल. बरेच दिवस भिंत लालच होती.

कचेरी पिपरी मेघेत, थूल काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, खाली एकटेच राहायचे. वर आम्ही तिघं. मी, म्हणजे व्यवस्था पाहणारी. प्रशांत, इंजिनिअर झालेला आणि वाद घालायला पगार मिळतो असं समजणारा. आणि वैशाली, पुलगावची, भाषाशास्त्रात एम. ए. आठवडाभर वर्ध्याला मावशीकडे राहायची. शनिवारी संध्याकाळी तिचा मोठा भाऊ निलेश मोटरसायकल घेऊन फाटकाशी यायचा आणि सोमवारी सकाळी परत आणून सोडायचा. वडील नव्हते. वैशाली शाळेत गेली तीही त्याच्याच गाडीवरून, कॉलेजात गेली तीही. तो कधी वर आला नाही. फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवायचा आणि मी खिडकीतून सांगायची की हॉर्न वाजवू नका, ध्वनिमुद्रण चालू आहे. दर शनिवारी हेच.

काम करायची आमची एक पद्धत होती. शब्दावर वाद झाला की टेबलाशी बसून सोडवायचा नाही. अंगणात जायचं, खडूने फरशीवर गोल काढायचे, एक निघण्याचा, एक पोचण्याचा, आणि ते क्रियापद चालून दाखवायचं. प्रशांत सरकायचा, मी ओलांडायची, वैशाली लिहून घ्यायची. समोरच्या बाईंनी काकांना विचारलं, "हे पोट्टे रोज सकाळी काय करून राह्यले जी? गोलातून गोलात चालतेत, मंग भांडतेत."

काका म्हणाले, "नोकरी करून राह्यले."

त्या बाईंनी नंतर आपल्या नातवंडांना आमच्या अंगणात पाठवणं बंद केलं.

प्रशांतने 'भटकणे' हा डबा गाड्यांना लागू होत नाही असा दावा केला. गाड्याला हेतू नसतो, मग त्याचा हेतू सुटणार कसा. मी म्हटलं, बरं, लिही तसं. तर वैशाली म्हणाली, बॅटरी उतरत आली की गाडा रस्ता चुकतो आणि इकडेतिकडे जातो, त्याला गोदामातली माणसं भटकणंच म्हणतात, आणि आपण गाडे काय करतात ते लिहून राह्यलो नाई, माणसं काय म्हणतात ते लिहून राह्यलो. बरोबर होतं. वेळ गेला तो गेलाच.

वाक्यं गोळा करायला आम्ही बाहेरची माणसं बोलवायचो. ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तर मुद्रित करायचं. पवनारहून भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी आठवतात. मी विचारलं, "मावशी, तुमची बस कुठे जाते?"

"बस येते."

"हो, पण मग जाते कुठे?"

"ते डायवरले ठाऊक. मी पवनारले उतरतो."

"उतरल्यावर बस पुढे जाते ना?"

"जात असन. मी काऊन पाहू? माह्या टोपलीत माल राह्यला काय, ते मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. त्यांनी मला आजारी माणसाकडे पाहतात तसं पाहिलं आणि जाताना मेथीची जुडी ठेवून गेल्या.

आणि फोनवरचं 'निघालो'. निघणे म्हणजे निघण्याचं ठिकाण मागे टाकणे, हे जगात सगळीकडे खरं असेल. आमच्या जिल्ह्यात 'निघालो' म्हणजे आंघोळीला चाललो. 'आलो' म्हणजे निघायचा विचार आहे. 'पोचलोच' म्हणजे आता खरोखर निघालो. हे मी पुण्याला तपशीलवार कळवलं. तिकडून प्रकल्पप्रमुख अभिजित सर व्हिडिओवर म्हणाले, "मॅडम, हा भाषेचा प्रश्न नाही हो, हा स्वभावाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, तुमच्या गोदामात काम करणार आहेत ती माणसं स्वभाव घरी ठेवून येणार आहेत का? ते म्हणाले, पुढचा शब्द घेऊ.

'रेंगाळणे' त्यांनी आमच्या यादीतून काढून टाकलं. आमचे गाडे रेंगाळत नाहीत, म्हणाले. मला अजून वाटतं, तो शब्द आम्ही सोडायला नको होता.

यादी संपत आली तशी एक गोष्ट उघड झाली: यादी संपली की वर्ध्याची कचेरी बंद. मला त्याचं फार काही नव्हतं, माझी पुढची कामं ठरलेली होती. प्रशांत नागपूरला मुलाखती देत होता. वैशालीसाठी मात्र पुण्याहून निरोप आला: यादी नीट पार पडली तर तिला कायम घेतो, पण पुण्याला यावं लागेल. वर्ध्यात बसून नेमकीचं काम देणारं दुसरं कोणी नव्हतं. ही जागा गेली तर पुलगावला परत आणि एखाद्या शाळेत तासिकेवर. तिने त्या शनिवारी निलेशला फाटकाशीच सांगितलं. मी वर खिडकीत होते. ऐकायचं नव्हतं, पण तो मोटरसायकलच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलायचा.

"पुण्याले? एकटी?"

"नोकरीले, दादा. फिरायले नाई."

"कोण पोचवून देणार तुले?"

"तू."

"मी नाई देणार. पाह्यतो कशी जाते."

"मंग मी अशीच जातो."

"अशीच म्हंजे कशी? आजपावतर कोठं गेली काय तू अशीच?"

ती गाडीवर बसली नाही. मावशीकडे पायी गेली. त्यानंतरचे शनिवार हॉर्न वाजला नाही आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, याचाही मला राग आला.

आता पोचवणे.

हा शब्द वैशालीकडे होता आणि यादीत शेवटचा होता. सामान पोचवणे सोपं आहे, सामान ठेवलं की पोचलं. पण पुण्याला त्यातला दुसरा प्रकार हवा होता. गोदामं मोठी, रांगांमधून नवा माणूस चुकतो, म्हणून पाहुण्याच्या पुढे चालून त्याला बाहेर नेणारा एक छोटा गाडा त्यांनी बनवला होता. 'साहेबांना पोचव' म्हटलं की गाडा निघणार. डब्याचे बाकी खण भरले. 'कुठपर्यंत' हा एक खण भरेना.

भरणार कसा? माझ्यासमोर थूल काकांचं उदाहरण होतं. काकांकडे पाहुणा आला की ते त्याला पोचवायला दारापर्यंत जात. दाराशी चप्पल घालून फाटकापर्यंत. फाटकाशी एक विषय निघे, तो संपेपर्यंत दोघं कोपऱ्यावर पोचलेले असत. कोपऱ्यावर पाहुण्याला वाटे की काकांचे गुडघे दुखतात, यांना एकटं कसं परत जाऊ द्यावं. मग पाहुणा काकांना पोचवायला घरापर्यंत येई. मग काका म्हणत, आता आलाच आहेस तर चहा घे. हा प्रकार मी वरून बघायची आणि मनात आकडेमोड करायची, की हा माणूस नोकरीत असताना कालव्याचं पाणी शेतात पोचायला किती दिवस लागत असतील.

वैशालीने काकांना विचारलं, "काका, तुमी परत कधी फिरता?"

"तो दिसत नाई तवा."

"दिसत नाई म्हंजे?"

"वळणावर गेला, दिसेनासा झाला, की मंग मी फिरतो. त्याच्या आधी पाठ फिरवणं बरं दिसते काय?"

अजून बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. वैशालीने लिहिलं: ज्याला पोचवायचं तो नजरेआड होईपर्यंत. खडूच्या गोलांत आम्ही ते चालून पाहिलं, ठीक वाटलं. मी सही केली, पुण्याने मान्य केलं. हिरवी खूण झाली.

चाचणी वर्ध्याबाहेरच्या एका गोदामात होती. कापसाच्या गाठी, सरकी, बाकी किरकोळ माल. अभिजित सर पुण्याहून आले होते. पाहुणे म्हणून हिंगणघाटचे एक शेठ होते, गोदामात त्यांचा माल होता. वैशालीने मराठीत हुकूम दिला, "शेठजींना पोचव." गाडा वळला, शेठजींच्या पुढे पुढे चालला, रांगा बरोबर पार केल्या, फाटकाशी येऊन थांबला. शेठजी बाहेर पडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशेबात धरलं होतं की आता अर्ध्या तासात जेवण.

शेठजी रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसले.

गाडा फाटकाशी उभा राहिला. त्याचा कॅमेरा शेठजींवर. शेठजी दिसत होते. नजरेआड झालेले नव्हते. फाटक अरुंद, गाडा मध्ये, पाठीमागे माल भरलेला एक ट्रक येऊन उभा राहिला. मग दुसरा. हॉर्न. गाडा शेठजींकडे बघत उभा.

गाडा हाताने बंद करायची चावी कंपनीच्या ज्या माणसाकडे होती, तो जेवणाचा डबा घेऊन कुठेतरी सावलीत गेला होता आणि फोन उचलत नव्हता. नंतर त्याने सांगितलं, 'निघालोच होतो'.

शेठजींनी चहा अर्धा प्यायला आणि त्यांच्या लक्षात आलं की यंत्र आपल्याकडे टक लावून बघतंय. ते बाक सरकवून बसले. कॅमेरा सरकला. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"हे काय हाय? मी काय चोरून नेऊन राह्यलो काय? माह्याच मालावर माह्यावरच पहारा?"

अभिजित सर टपरीवर गेले आणि पुणेरी मराठीत काही समजावू लागले. त्याने शेठजी अजून भडकले. मग वैशाली गेली. "शेठजी, नाराज नका होऊ. थोडंसं त्या कडुलिंबामागं जाता काय?"

"मी काऊन जाऊ? गाडा तुमचा. तुमी न्या त्याले मागं."

"तो नाई येत, शेठजी. तुमी दिसता ना, म्हणून."

"मी दिसतो? मंग दिसतो. मी इथंच बसतो." आणि त्यांनी अजून एक चहा सांगितला.

एक माणूस रागाने बसून राहिला आहे आणि एक यंत्र आदराने उभं राहिलं आहे, आणि दोघांपैकी कोणी आधी हलायला तयार नाही. चावीवाला आला तोपर्यंत ट्रकवाले गाड्याभोवती गोळा होऊन त्याला नावं ठेवत होते. अभिजित सरांच्या शर्टावर घामाने नकाशा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अगदी सभ्य शब्दांत सांगितलं: पुण्याच्या जागेबद्दल वरचे लोक पुन्हा विचार करणार आहेत. ज्या नोंदीमुळे फाटक अडलं ती ज्यांची होती, त्यांना कायम घेणं जरा अवघड. मी म्हटलं, सही माझी आहे. ते म्हणाले, हो, पण तुम्ही पुण्याला येणार नाही आहात. मग त्यांनी एक आठवडा दिला. तोच शब्द दुरुस्त करून द्या, तोच गाडा, तीच चाचणी.

मी वैशालीला सरळ सांगितलं. फाटकापर्यंत असं लिही आणि मोकळी हो. फाटक आलं की गाडा परत. यंत्राला एवढं पुरे.

"मॅडम, फाटकापर्यंत आणलं आणि पाठ फिरवली, तर ते पोचवणं नाई. ते हाकलणं हाय."

"यंत्र आहे ते. यंत्राने हाकललं तर कोणाला वाईट वाटणार आहे?"

"शेठजीले वाटलं ना, नुसतं पाहिलं तर."

चीड खूप होती. तिची नोकरी जात होती आणि ती शिष्टाचाराचं बघत होती. मी दोन वेळा खाली जाऊन काकांच्या माठातलं पाणी पिऊन आले.

तो आठवडा ती अंगणातच होती. येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकाशी थांबवून विचारायची: पोचवायला गेलात की परत कधी फिरता? प्रत्येकाचं वेगळं. बस हलली की. रिक्षा मिळाली की. वळणावर गेला की. पाय दुखले की. तिच्या वहीत सगळीच उत्तरं आणि एकही उपयोगाचं नाही. मीही ऐकून ऐकून कंटाळले होते.

सुटलं ते काकांच्याच दारात. त्यांच्याकडे भाचा आला होता. चहा झाला, तो उठला, काका चप्पल शोधू लागले. वैशाली खडू हातात घेऊन फाटकाच्या बाजूला. भाचा फाटकाशी वळला आणि म्हणाला, "बस मामा. जा आता. उन्हाचं कुठी येता." काका थांबले. हात वर केला. परत फिरले.

ती त्या भाच्याच्या मागे पळाली. त्याला वाटलं, काही विसरलो. तिने विचारलं, तुम्ही 'बस, जा आता' म्हणाला नसता तर? भाचा म्हणाला, मग मामा आले असते ना कोपऱ्यापर्यंत. मागच्या वेळी मी म्हणायचं विसरलो, तर माझ्यासोबत बसमध्ये बसायचे बाकी होते.

ती जिन्याने धावत वर आली.

"मॅडम, आपण पोचवणाऱ्याले विचारत होतो. त्याले काय ठाऊक? सोडायचं तो ठरवतच नाई. जाणारा म्हणते तवा सुटते."

आम्ही गोल काढले. प्रशांत पाहुणा झाला, मी गाडा झाले. तो 'बस, जा आता' म्हणेपर्यंत मी त्याच्यामागे अंगणभर चालले, आणि त्याने मुद्दाम म्हणायला उशीर केला, हे मी लक्षात ठेवलं आहे. नवी नोंद अशी झाली: पोचवणं जाणाऱ्याच्या शब्दावर संपतं. तो बोलला नाही तर गाड्याने एकदा विचारायचं, 'अजून येऊ?' फाटकात उभं न राहता, कडेला होऊन.

शेठजी पुन्हा यायला तयार नव्हते. वैशालीनेच फोन करून आणलं. या वेळी गाडा फाटकाशी आला, कडेला झाला, आणि विचारलं. शेठजींनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "बस. जा आता. माह्या मागं मागं नको येऊ," आणि गाडा वळून आत गेला. शेठजी टपरीवर गेले, चहा घेतला, आणि तिथल्या लोकांना सांगत बसले की हे मीच शिकवलं. अभिजित सरांनी त्याच संध्याकाळी वैशालीचं पत्र पाठवतो म्हणून सांगितलं. पाठवलंही, ही नवलाची गोष्ट.

जायचा दिवस ठरला. गाडी दुपारची, वर्ध्याहून बसायचं, कारण सामान मावशीकडे होतं. पुलगावला ती गाडी थांबायची. निलेशचा काहीच निरोप नव्हता. आईशी ती फोनवर बोलायची, आई रडायची, मागून त्याचा आवाज यायचा की पोचवायला कोणी जाणार नाई म्हंजे नाई. स्टेशनवर आम्ही होतो, मी, प्रशांत, काका, तिची मावशी. मी सामानाची यादी करून दिली होती आणि ती तीनदा तपासून घेतली, कारण वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा मावशीच्या घरीच राहिला होता आणि प्रशांतला परत पळवावं लागलं.

गाडी यायच्या वेळेला पुलाच्या जिन्यावरून निलेश उतरला. हेल्मेट हातात. आमच्याकडे पाहिलं नाही. तिची मोठी बॅग उचलली.

"मी काही पोचवायले नाई आलो," तो म्हणाला. "वर्ध्यात काम होतं."

"कोणतं?"

"हाय एक."

"कुठवर येतो, दादा?"

"डब्यापावतर. बॅग जड हाय."

गाडी आली. तो बॅग घेऊन आत गेला, सीट शोधली, बॅग खाली सरकवली, खिडकी उघडते का ते पाहिलं, पंखा चालतो का ते पाहिलं, समोरच्या बाईंना विचारलं की तुम्ही कुठवर. मी बाहेरून घड्याळ दाखवत होते. काका म्हणाले, "पोरी, म्हण त्याले आता." वैशाली खिडकीत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. शब्द तिचा होता, तिनेच शोधलेला. गाडी हलली. निलेश आत तसाच उभा, एक हात वरच्या बर्थला धरून, दुसऱ्या हातात हेल्मेट.

"हा उतरला नाही," मी म्हटलं.

"तिने म्हटलं कुठी?" काका म्हणाले.

पाऊण तासाने निलेशचा फोन. "मॅडम, मी पुलगावले उतरलो. माही गाडी वर्धा स्टेशनवर राह्यली."

"तिकीट होतं तुमच्याजवळ?"

"तिले पोचवायले नाई गेलो मी, मॅडम. मले पुलगावलेच यायचं होतं."

"मी तिकिटाचं विचारते आहे."

फोन कटला. रेंज नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो बसने आला, मोटरसायकल घेतली आणि पहिल्यांदा कचेरीचा जिना चढून वर आला. आम्ही खोकी बांधत होतो. भिंतीवरची यादी मी उतरवली होती. तो खुर्चीच्या कडेला बसला आणि पुण्याचं ऑफिस स्टेशनपासून कुठल्या बाजूला आहे, असं विचारलं. मी कागद घेतला. स्टेशन, रस्ता, वळण, बस कुठे बदलायची, सगळं काढून दिलं. कोणासोबत जाणार, म्हटलं.

"आईले घेऊन."

"कधी?"

"पाहू."

मी कागद त्याच्या हातात दिला. 'पाहू'साठी नेमकीत खण नाही, आणि माझ्याकडेही राहिलेला नव्हता. खोकी उतरवायला मदत करता का, असं विचारणार तेवढ्यात तो उठला. खाली काकांनी चप्पल घातली. फाटकाशी काहीतरी विषय निघाला. निलेश 'बस काका' म्हणेना. गाडी सुरू केली तरी बोलणं चालूच, आणि मग काका सरळ त्याच्या मागच्या सीटवर बसले.

"काका, खोकी राहिली आहेत," मी वरून ओरडले.

"आलो, बाई. कोपऱ्यावर जाऊन."

मी आणि प्रशांतने दोन खोकी उतरवली, तिसरं जिन्यात अडकलं. ते सोडवत होतो तेव्हा फाटकाशी मोटरसायकलचा आवाज आला. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून निलेश त्यांना घरापर्यंत पोचवायला परत आला होता. काका उतरले, फाटक उघडलं आणि त्याला म्हणाले, "आता आलाच हायेस त चहा घेऊन जाजो."

मी खोक्याचा माझ्याकडचा कोपरा खाली ठेवला आणि जिन्यातच बसले.